घरातल्या मोबाईलवर ब्राउझर कोणता असावा?

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असो, जात पडताळणीची कागदपत्रे चढवायची असोत, दहावीचा निकाल पाहायचा असो, भविष्य निर्वाह निधीत किती रक्कम जमा झाली हे तपासायचे असो, म्हाडाच्या सोडतीत नाव घालायचे असो किंवा गावी जाण्यासाठी रेल्वेचे तिकीट काढायचे असो. आज ही सारी कामे मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर होतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्या कामासाठी एक दिवसाची रोजी बुडवून कचेरीच्या रांगेत उभे राहावे लागे, ते काम आता रात्री जेवण झाल्यावर घरी बसून करता येते. ही सोय मोठी आहे आणि ती आपल्या घरांपर्यंत आली आहे, हे चांगलेच झाले.

परंतु ही सारी कामे ज्या एका साधनातून होतात, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या साधनाचे नाव ब्राउझर. आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, पासवर्ड, मुलीच्या महाविद्यालयाची माहिती, आईच्या आजाराविषयी शोधलेले शब्द, हे सर्व त्याच्या हातून जाते. घर भाड्याने घेताना आपण शेजार कसा, दाराला कडी-कोयंडा नीट आहे का, हे पाहतो. ब्राउझर मात्र आपण निवडलेलाच नसतो. फोन घेतला तेव्हा जो आत होता, तो चालू ठेवला. नाही तर दुकानातल्या मुलाने जो टाकून दिला, तो राहिला. नोकरदार घरात महिनाअखेरीस खात्यावर उरलेले चार पैसे हीच सगळी पुंजी असते. ती एकदा गेली की मुलांची फी थांबते. म्हणून ही निवड आपण स्वतः करायला हवी.

ब्राउझर म्हणजे नेमके काय?

पुष्कळांचा समज असा असतो की गुगल म्हणजेच इंटरनेट आणि इंटरनेट म्हणजेच ब्राउझर. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. इंटरनेट हे जगभरच्या संगणकांना जोडणारे जाळे. गुगल ही एक कंपनी आणि तिची शोधसेवा. ब्राउझर हा आपल्या फोनमधला असा प्रोग्रॅम, जो आपण सांगू त्या पत्त्यावर जाऊन तिथले पान आणतो आणि पडद्यावर दाखवतो. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट ही काही ब्राउझरची नावे आहेत.

इथे एक बाब समजून घेतली पाहिजे. ब्राउझर नुसते पान दाखवून थांबत नाही. बहुतेक पानांसोबत छोटे प्रोग्रॅमही येतात आणि ते आपल्या फोनमध्ये चालतात. म्हणजे जी वेबसाइट आपण उघडली, तिच्या मालकाने लिहिलेला प्रोग्रॅम काही वेळ आपल्या फोनमध्ये काम करीत असतो. चांगला ब्राउझर अशा पाहुण्याला बाहेरच्या खोलीत बसवतो. त्याला आतल्या खोलीत, म्हणजे आपल्या फोटोंकडे, पासवर्डकडे किंवा शेजारी उघडलेल्या बँकेच्या पानाकडे जाऊ देत नाही. पण त्या खोलीच्या भिंतीला भोक असेल, तर कपटी पाहुणा त्यातून आत शिरतो. अशी भोके प्रत्येक ब्राउझरमध्ये वेळोवेळी सापडतात. एकही ब्राउझर त्याला अपवाद नाही. म्हणून पाहायचे ते हे, की सापडलेले भोक कोण किती लवकर बुजवतो आणि ती दुरुस्ती आपल्या फोनपर्यंत पोहोचते की नाही.

इतिहासातून मिळालेला धडा

१९९० मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मोझॅक तयार झाला. चित्रे आणि मजकूर एकाच पानावर दाखवणारा हा ब्राउझर सामान्य माणसांनाही वापरता येऊ लागला. १९९४ मध्ये नेटस्केप आला, १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजसोबत फुकट दिला. संगणक घेतला की तो आतच असे. मग दुसरा शोधायला कोण जातो? काही वर्षांतच नव्वद टक्क्यांहून अधिक लोक तोच वापरू लागले आणि नेटस्केप मागे पडला.

स्पर्धा संपली आणि सुधारणाही थंडावली. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट २००६ मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्यातल्या भोकांतून घुसणाऱ्या व्हायरसांनी लोकांना हैराण केले. आपल्याकडेही अनेक सरकारी आणि बँकांच्या पानांवर 'हे पान फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच पाहा' अशी सूचना असे, त्यामुळे ज्यांना दुसरा वापरायचा होता त्यांचीही वाट अडली. पुढे २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, २००८ मध्ये गुगलचा क्रोम आला आणि चित्र पालटले. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर अकराची साथ सोडली. आज एखाद्या जुन्या संगणकावर तो दिसलाच, तर त्यात बँकेचे काम करू नये.

धडा सरळ आहे. सगळे वापरतात म्हणून एखादी वस्तू सुरक्षित ठरत नाही. एकेकाळी उत्तम असलेली वस्तूही दुरुस्ती थांबली की धोक्याची होते.

यूसी ब्राउझरची गोष्ट

आपल्या वस्त्यांत स्मार्टफोन आला, तेव्हा बहुतेकांच्या हाती स्वस्त आणि कमी जागेचे फोन होते. डेटा महाग होता. चिनी कंपनीचा यूसी ब्राउझर त्या काळात घरोघरी पोहोचला आणि त्यामागे खरे कारण होते. तो पान दाबून लहान करून आणत असे, त्यामुळे कमी डेटात काम भागे. गाणी आणि चित्रफिती झटपट उतरवून घेता येत. गरीब माणसाच्या गरजेची ही सोय होती, तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

पण सोय दिसत होती आणि किंमत दिसत नव्हती. मे २०१५ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संस्थेने या ब्राउझरची तपासणी प्रसिद्ध केली. त्याच्या चिनी आवृत्तीतून वापरणाऱ्याचे ठिकाण, फोनची आणि सिमची ओळख यांसारखी माहिती पुरेशा संरक्षणाविना बाहेर जात असल्याचे तिला आढळले. इंग्रजी आवृत्तीतूनही शोधलेले शब्द उघडे जात होते. म्हणजे वाटेत कान लावून बसलेल्याला ते वाचता आले असते. पुढे २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत यूसी ब्राउझरही होता. कुणाच्या जुन्या फोनमध्ये तो अजून पडून असेल, तर काढून टाकावा. त्याला भारतात अधिकृत मार्गाने दुरुस्ती मिळत नाही.

पान दाबून लहान करणाऱ्या प्रत्येक सोयीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे काम करण्यासाठी पान आधी त्या कंपनीच्या संगणकावर जाते, तिथे लहान होते आणि मग आपल्याकडे येते. ऑपेरा मिनीमध्ये अतिबचतीची जी पद्धत आहे, तिच्यात असेच घडते आणि बँकेपासून आपल्या फोनपर्यंतचा बंदिस्त मार्ग मध्येच उघडला जातो. बातम्या वाचायला ती चालेल. पैशाच्या कामाला ती वापरू नये.

पहिली कसोटी : दुरुस्ती येते का?

ब्राउझरची पारख करताना पहिला प्रश्न हाच विचारावा. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी, ब्रेव्ह यांच्या दुरुस्त्या दर काही आठवड्यांनी, गरज पडल्यास त्याआधीही येतात. केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा भोकांबाबत वारंवार इशारे देते. काही भोके तर अशी असतात, की कंपनीला पत्ता लागण्याआधीच चोरांनी त्यांचा वापर सुरू केलेला असतो. क्रोममध्ये गेल्या काही वर्षांत दरवर्षी अशी भोके सापडली आहेत. दुरुस्ती आली आणि आपण 'नंतर करू' म्हणून आठवडे घालवले, तर तेवढे दिवस दार उघडे राहते.

अनेक घरांत डेटा वाचवण्यासाठी अपडेट बंद करून ठेवलेले असतात. हे समजण्याजोगे आहे. अशा वेळी सगळी ॲप नकोत, पण निदान ब्राउझरचा अपडेट तरी करून घ्यावा. प्ले स्टोअर उघडून ब्राउझरचे नाव शोधले आणि 'अपडेट' असे बटण दिसले, तर ते दाबायचे, एवढेच काम आहे. आयफोनवर सफारीची दुरुस्ती मात्र संपूर्ण फोनच्या अपडेटसोबतच येते, म्हणून तिथे फोनचाच अपडेट करावा लागतो.

खरी अडचण जुन्या फोनची आहे. घरात नवा फोन कमावत्याच्या हाती जातो आणि जुना शाळकरी मुलीकडे किंवा आईकडे येतो. त्याच फोनवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो आणि त्याच फोनवर ओटीपी येतात. ऑगस्ट २०२५ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्यांना अँड्रॉइड दहा किंवा त्यापुढचा फोन लागतो. अँड्रॉइड आठ आणि नऊ असलेल्या फोनवर जुना क्रोम चालतो, पान उघडते, सगळे ठीक वाटते. पण नव्या दुरुस्त्या येणे थांबलेले असते. हे कुणी दार वाजवून सांगत नाही. म्हणून फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' या भागात जाऊन अँड्रॉइडचा आकडा आज पाहून घ्यावा.

आकडा आठ किंवा नऊ निघाला, तर काय करावे? फायरफॉक्सने जुन्या फोनची साथ क्रोमपेक्षा अधिक काळ दिली आहे. २०२५ च्या अखेरीस तो अँड्रॉइड आठवरही चालत होता. प्ले स्टोअरमध्ये तो आपल्या फोनवर उतरतो का, हे पाहावे. तथापि हा तात्पुरता आधार आहे, कारण फोनच्या स्वतःच्या दुरुस्त्याही थांबलेल्या असतात. अशा फोनवर अभ्यास, गाणी, बातम्या जरूर पाहाव्यात. बँकेचे काम आणि कागदपत्रे मात्र घरातल्या त्यातल्या त्यात नव्या फोनवर करावीत. भावाने बहिणीला तासभर फोन दिला, तर काही बिघडत नाही.

संगणकाबाबतही हेच. विंडोज सातची साथ मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये सोडली आणि २०२३ च्या आरंभी क्रोमनेही तिच्यावर नव्या आवृत्त्या देणे थांबवले. विंडोज दहाची नेहमीची साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मुलांसाठी जुना संगणक विकत घेताना दुकानदाराला हा प्रश्न आधी विचारावा.

दुसरी कसोटी : याचे पोट कशावर भरते?

ब्राउझर फुकट मिळतो. मग तो बनवणाऱ्या हजारो माणसांचा पगार कुठून निघतो? क्रोम गुगलचा आहे आणि गुगलची मोठी कमाई जाहिरातींची आहे. कोण काय पाहतो, काय शोधतो, हे कळले की जाहिरात नेमकी दाखवता येते. फायरफॉक्स मोझिला या संस्थेचा आहे. तिच्यामागे ना-नफा प्रतिष्ठान आहे. पण तिचेही बहुतेक उत्पन्न गुगलकडून येते, कारण फायरफॉक्समध्ये गुगलची शोधसेवा आधीपासून बसवलेली असते. सफारी ॲपलचा, एज मायक्रोसॉफ्टचा. ब्रेव्ह जाहिराती अडवतो, पण त्याचा स्वतःचाही जाहिरातीचा व्यवसाय आहे. संपूर्ण निःस्वार्थी असा कुणी नाही; मात्र प्रत्येकाचा स्वार्थ कमी-अधिक आहे आणि वेगळ्या ठिकाणी आहे.

याचा प्रत्यक्ष परिणाम पाहा. आपण एका पानावर शिलाई मशीनची किंमत पाहिली, की दुसऱ्याच पानावर शिलाई मशीनच्या जाहिराती येऊ लागतात. हे कुकी नावाच्या छोट्या चिठ्ठ्यांमुळे घडते. एक चिठ्ठी ज्या पानाने दिली त्याच्याच कामाची असते. तिच्यामुळे आपण पुन्हा आलो हे त्याला ओळखता येते. दुसऱ्या प्रकारची चिठ्ठी मात्र तिऱ्हाइताची असते आणि ती पानोपानी आपला माग काढते. सफारीने २०२० मध्ये या तिऱ्हाइताच्या चिठ्ठ्या सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक वेबसाइटच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या डब्यांत बंद करण्याची पद्धत सर्वांसाठी सुरू केली. क्रोमने त्या काढून टाकण्याचे २०२० मध्ये जाहीर केले होते, पण २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. क्रोममध्ये त्या अडवता येतात, परंतु सेटिंग्जमध्ये जाऊन ते आपण करावे लागते.

सांगायचे तात्पर्य असे, की चोरांपासून संरक्षण ही एक गोष्ट आणि माग काढणाऱ्यांपासून संरक्षण ही दुसरी. पहिल्या बाबतीत क्रोम भक्कम आहे. दुसऱ्या बाबतीत फायरफॉक्स, सफारी आणि ब्रेव्ह त्याच्या पुढे आहेत.

पत्ता वाचायला शिका

ब्राउझर कितीही चांगला असला, तरी खोट्या बँकेच्या पानावर आपणच पासवर्ड लिहिला तर तो काय करणार? पूर्वी पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र असे आणि कुलूप दिसले की पान खरे, असे शिकवले जाई. ते अर्धेच खरे होते. कुलपाचा अर्थ इतकाच, की वाटेत कुणी आपले बोलणे ऐकू शकत नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे, असे त्यातून ठरत नाही. २०१५ पासून असे कुलूप कुणालाही फुकट मिळू लागले, तसे ते चोरांनाही मिळाले. म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचे ते चित्र संगणकावरील पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकले.

त्याऐवजी पत्ता वाचावा आणि तो उलट्या बाजूने वाचावा. पत्त्यात पहिली तिरकी रेघ जिथे येते, तिच्या लगेच आधीचे शब्द महत्त्वाचे. सरकारी पानांचा तो भाग सहसा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा संपतो. राज्याच्या शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पानाचा पत्ता 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने आता वेगळी खूण ठरवली आहे. सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' असा शेवट असलेल्या पत्त्यावर जावे, असा तिचा आदेश होता. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. पत्त्याच्या सुरुवातीला बँकेचे नाव झळकते आणि शेवटी भलतेच काही, तर ते पान तत्काळ बंद करावे. रेल्वे तिकिटाचे आयआरसीटीसीचे पान 'सीओ डॉट इन' असे संपते, हा अपवादही माहीत असू द्यावा. नेहमीच्या पानांचे पत्ते एकदा खात्री करून ब्राउझरमध्ये खूण करून ठेवले, म्हणजे दरवेळी शोधावे लागत नाहीत. खोटी पाने बहुधा शोधताना किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यातूनच समोर येतात.

कोणत्या सोयी खरोखर कामाच्या?

पासवर्ड लक्षात ठेवण्याची सोय पुष्कळांना धोक्याची वाटते. फोन एकाच माणसाचा असेल आणि त्याला पडद्याचे कुलूप असेल, तर ती उलट संरक्षण करते. ब्राउझर पासवर्ड त्याच पत्त्यावर भरतो जिथे तो साठवला होता. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर तो आपोआप भरत नाही. रोज आपोआप येणारा पासवर्ड एके दिवशी आला नाही, तर थांबावे आणि पत्ता पाहावा. फोन चार जणांच्या हाती फिरत असेल, तर मात्र बँकेचा पासवर्ड त्यात ठेवू नये.

अक्षरे मोठी करण्याची सोय वयस्कर मंडळींना फार उपयोगी आहे. चष्मा न लावता घाईत 'होय' दाबले जाते, त्यातून अनेक घोटाळे होतात. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही मराठीत वापरता येतात. सूचना आपल्या भाषेत समजली, तर माणूस घाबरून चुकीचे बटण दाबत नाही. इंग्रजी पानाचे मराठी भाषांतर करण्याची क्रोमची सोय चांगली आहे. पण अर्जातील अटी भाषांतरावर विसंबून मान्य करू नयेत, जाणत्या माणसाला विचारावे.

जाहिराती अडवण्याची सोय ही केवळ चैन नाही. तिच्यामुळे डेटा वाचतो आणि 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' अशा फसव्या जाहिरातीही कमी होतात. अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन ही जोडणी बसवता येते. ब्रेव्हमध्ये ही सोय आधीपासूनच आहे. मोबाईलवरच्या क्रोममध्ये अशी जोडणी बसवता येत नाही. मात्र ऊठसूट कुठलीही जोडणी घेऊ नये, कारण तिला आपण उघडलेली पाने वाचण्याची परवानगी मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये चोरांनी संगणकावरच्या क्रोमच्या काही चांगल्या जोडण्यांच्या निर्मात्यांनाच फसवले आणि त्या जोडण्यांमध्ये आपला प्रोग्रॅम घुसवला. एखाद-दुसरी, नावाजलेली, तेवढीच ठेवावी.

आता आपल्या वतीने पाने वाचून कामे उरकणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे ब्राउझरही निघाले आहेत. २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की पानात लपवून लिहिलेल्या मजकुराने अशा मदतनिसाला फसवता येते. ते अजून नवे आहेत. बँकेचे काम त्यांच्या हाती देण्याची घाई करू नये.

खाजगी खिडकी आणि सायबर कॅफे

इन्कॉग्निटो म्हणजे खाजगी खिडकी. तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. ती बंद केली की काय पाहिले याची नोंद त्या फोनमध्ये राहत नाही, एवढेच तिचे काम. वेबसाइटला, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला किंवा कचेरीच्या नेटवर्कला आपण दिसतोच. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० मध्ये गुगलविरुद्ध खटला झाला आणि २०२४ मधील तडजोडीत कंपनीने खाजगी खिडकीतून जमलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

असे असले तरी एका फोनवर सारे घर चालते, तिथे तिचा उपयोग मोठा आहे. मुलीला पाळीच्या त्रासाविषयी वाचायचे असते, सुनेला कायद्याचा सल्ला शोधायचा असतो, वडिलांना व्यसनमुक्ती केंद्राची माहिती हवी असते. अशा वेळी घरातल्या दुसऱ्याच्या नजरेस ते पडू नये, ही अपेक्षा रास्त आहे. खाजगी खिडकी उघडणे म्हणजे काही तरी वाईट पाहणे, असा संशय घरात कुणी कुणावर घेऊ नये.

सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात काम करताना खाजगी खिडकीतच करावे, 'पासवर्ड साठवू का?' या प्रश्नाला नाही म्हणावे आणि काम झाल्यावर बाहेर पडण्याचे बटण दाबूनच उठावे. खिडकी बंद झाली, तरी उतरवलेल्या फाइली संगणकात राहतात. आधार कार्ड, जातीचा दाखला, मार्कशीट डाउनलोडमधून पुसून टाकावी आणि कचऱ्याची पेटीही रिकामी करावी. तिथे शक्य तोवर बँकेचा पासवर्ड लिहूच नये, कारण दाबलेली बटणे टिपणारा प्रोग्रॅम त्या संगणकात असेल, तर खाजगी खिडकीही वाचवू शकत नाही.

मग निवडायचा कोणता?

अँड्रॉइड दहा किंवा पुढचा फोन असेल आणि फार खटपट नको असेल, तर क्रोम ठेवावा. मात्र तिऱ्हाइताच्या कुकी अडवाव्यात आणि 'सेफ ब्राउझिंग' चालू आहे ना, हे पाहावे. जाहिरातींचा त्रास कमी हवा आणि कुणी माग काढू नये असे वाटत असेल, तर फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह घ्यावा. आयफोनवर सफारी पुरेसा आहे. संगणकावर एज, क्रोम, फायरफॉक्स यांतला कोणताही चालेल, पण विंडोजला दुरुस्ती मिळत असली पाहिजे. आमची शिफारस अशी, की शक्य असल्यास फोनमध्ये दोन ब्राउझर ठेवावेत. एकात फक्त बँक, शिष्यवृत्ती आणि सरकारी कामे. दुसऱ्यात बातम्या, गाणी, मालिका आणि बाकी सारे. घरात जसा पाण्याचा माठ वेगळा आणि अंघोळीची बादली वेगळी, तसेच हे.

या रविवारी घरातल्या सर्वांनी बसून एवढे करावे :

१. फोनचा अँड्रॉइड आकडा पाहा आणि ब्राउझरचा अपडेट करून घ्या.

२. यूसी ब्राउझर किंवा अनोळखी ब्राउझर असेल तर काढून टाका. नवा घ्यायचा तो प्ले स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल कधीही उघडू नका.

३. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'सूचना' या भागात जाऊन ज्या वेबसाइट ओळखीच्या नाहीत त्यांची परवानगी बंद करा. 'व्हायरस आहे', 'बक्षीस लागले' असे संदेश बहुधा तिथूनच येतात.

४. बँकेचा, शिष्यवृत्तीचा आणि भविष्य निर्वाह निधीचा खरा पत्ता शोधून खूण करून ठेवा आणि तो आईलाही दाखवा.

५. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक.

घरातल्या शिकत्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे आणि शेजारच्या आजी-आजोबांच्या फोनवरही करून द्यावे. दहा मिनिटे लागतात. आणि मोठ्यांनीही मुलांना 'हे कसे केलेस?' असे विचारण्यात कमीपणा मानू नये.